तिसऱ्या रविवारची हरकत

गेवराई
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय शलोमी,

सलाम. तुला तो घ्यायचा नसेल तर पाकिटातच राहू दे, पण पत्र वाच. सात वर्षांपासून माझ्या नंबरापुरता तुझा फोन बंद आहे, म्हणून हा पोस्टाचा उद्योग. काल पाकीट आणायला गेले तर खिडकीतली बाई म्हणाली, "आता पत्र कुनाला लिवताय सिस्टर, फोन न्हाई का?" मी म्हटलं, बहिणीला. तिनं पाकीट खिडकीतून पुढं सरकवलं.

बातमी अशी की आज उपासनेत माझं नाव वाचलं. हो, माझंच. 'कुमारी सत्यशीला उजगरे, राहणार गेवराई, आणि श्रीयुत शांतवन मकासरे, विधुर, राहणार पाली, यांचा विवाह योजला आहे.' त्रेचाळिसाव्या वर्षी 'कुमारी' ऐकून मागच्या बाकावरच्या पोरी खुसूखुसू हसल्या. मलाही हसू आलं असतं, पण अख्खी मंडळी वळून माझ्याकडं बघत होती. अजून दोन रविवार वाचतील आणि उपवासकाळ लागायच्या आत, सत्तावीस तारखेला लग्न.

हे कसं घडलं ते सांगते. दिवाळीच्या आधी मला चिकुनगुन्या झाला. उपकेंद्रात दिवसाला चाळीस जणांना गोळ्या वाटणारी मी, तीन दिवस पलंगावर आडवी होते. सांधे असे धरले की दाराची कडी निघेना. चौथ्या दिवशी समोरच्या घरातल्या सारजाबाईनं खिडकीतून हाका मारल्या, शेजारच्याला बोलावून कडी उचकटली आणि मला पाणी पाजलं. पाजता पाजता जी सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. "सिस्टरबाई, पानी द्यायला मानूस न्हाई घरात, हे काय बरं हाय का?" पुढच्याच शुक्रवारी महिला मंडळात माझ्यासाठी प्रार्थना झाली आणि डिसेंबरात स्थळ आलं. आपल्या मंडळीची प्रार्थना कधी नव्हे इतकी लवकर ऐकली गेली बघ.

शांतवन माणूस बरा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, पन्नाशीचा. तीन वर्षांपूर्वी बायको गेली. चर्चमध्ये पेटी वाजवतो.

तू म्हणशील, हिनं कोणत्या तोंडानं मला बोलवावं. तुझी आणि गहिनीनाथची नावं वाचत होते तेव्हा, तिसऱ्या रविवारी, पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "कोणाला हरकत असल्यास आत्ताच सांगावी." तिथं आजपर्यंत कधी कोणी उठलेलं नाही. लोक तेवढ्यात गाण्याचं पान काढतात. मी उठले. म्हणाले, या मुलाचा बाप्तिस्मा प्रभूसाठी नाही, लग्नासाठी झालाय, याच्या मनगटावर अजून दोरा आहे. पुढं कमिटी बसली, त्याला वर्षभर थांबायला सांगितलं. तुम्ही थांबला नाहीत. बीडला रजिस्टर लग्न करून थेट धर्मापुरी गाठलीत.

मी तेव्हा जे केलं ते विश्वासाला धरून केलं, असं माझं मत होतं आणि आहे. पण बोलायची रीत कडक झाली, हे मान्य करते. झालं गेलं सोडून तू लग्नाला यावंस. आपल्याकडची माणूस म्हणून माझ्या बाजूला दुसरं कोणी नाही.

तुझी आक्का


गुरुवार, ६ फेब्रुवारी

प्रिय शलोमी,

पहिलं पत्र तुला अजून मिळालंही नसेल. तरी लिहिते, कारण आज जे झालं ते दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

शांतवन आणि त्याची आई छबुबाई घर बघायला आले होते. मी पोहे केले. म्हातारीनं आधी स्वयंपाकघर बघितलं, मग मोरी, मग माझ्या पुस्तकांवर धूळ आहे का ते बोट फिरवून बघितलं. "एकटीचं घर वाटत न्हाई, लई नीट हाय," म्हणाली. एकट्या बाईचं घर कसं असतं अशी तिची कल्पना होती, देव जाणे. मग ती सारजाबाईकडं गेली, आम्हाला बोलायला मोकळीक म्हणून. एवढे घोडे झालेले आम्ही दोघं, लाजून चमच्यांकडं बघत बसलो.

शेवटी तोच बोलला. मंगल गेल्यापासून, म्हणजे त्याची बायको, त्याला एकट्यानं जेवता येत नाही म्हणाला. शाळेत मास्तर लोकांबरोबर डबा खातो तेवढाच. घरी आई लवकर जेवते. ताट घेऊन बसलं की घास खाली जात नाही. हे सांगताना त्याला संकोच वाटत होता, पण त्यानं सांगितलं. मला तो आवडला, शलोमी. माणूस म्हणून खरंच आवडला.

मग त्यानं विचारलं, "राग नसेल तर विचारतो. तुम्ही आधी लग्न का केलं नाही?"

माझं उत्तर तयारच असतं. "धाकटी बहीण होती पदरात. आईबापाविना. तिला सोडून कशी जाणार?"

त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "तुमच्यासारखा एवढा त्याग मला जमला नसता." आणि रुमाल काढून नाक पुसलं. मी पोह्यांची बशी पुढं सरकवली.

ते गेल्यावर मी जेवायला बसले. कालची भाकरी, ठेचा, दही. पाय स्टुलावर. रेडिओ लावलेला. कढईतूनच खाल्लं, ताट कशाला खरकटं करायचं. आणि निम्म्यात माझ्या लक्षात आलं की मला एकटीनं जेवायला आवडतं. नुसतं चालतं असं नाही. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून घरी यावं, दार लावावं, देवाशी दोन शब्द बोलावेत, आणि कोणाला काही न विचारता जेवावं, ही वेळ मला दिवसभरातली सगळ्यात आवडती आहे. मग त्या माणसाला मी जे सांगितलं ते काय होतं?

पुढं लिहवत नाही. रविवारी दुसऱ्यांदा नाव वाचतील.

आक्का


धर्मापुरी
मंगळवार, ११ फेब्रुवारी

आदरणीय आक्का,

सलाम. तुमची दोन पत्रं पोचली. शलोमीनं ती फोडलेली नाहीत. तांदळाच्या डब्यामागं ठेवली आहेत. फेकलेली नाहीत, एवढं तुम्हाला कळवावं वाटलं. मी पण फोडली नाहीत, कारण तिच्या नावावर आहेत. पण सात वर्षांनी आठवड्यात दोन पत्रं, म्हणून काळजी वाटली की तुम्ही आजारी आहात का. तिला सांगूनच हे लिहितोय. ती म्हणाली, "लिहा की, मला कावून विचारताव."

आमचं बरं चाललंय. औषधाचं दुकान गावातच टाकलंय. वडील, आप्पाराव, सुरुवातीला बोलत नव्हते, आता बोलतात.

तुम्ही विचारलं नसेल, पण एक सांगतो. शलोमी आता प्रार्थना करत नाही. जेवणाआधीची सुद्धा नाही. मी तिला जबरदस्ती करत नाही. मी मात्र दर रविवारी परळीला चर्चला जातो, सकाळच्या गाडीनं. पहिल्या वर्षी तिथली माणसं विचारायची, बायको कुठं आहे. नव्यानं आलेला एकटा येतो आणि जन्मापासून मंडळीत वाढलेली घरी बसते, हे त्यांना कळायचं नाही. आता विचारत नाहीत. इकडं गावात दोस्त म्हणतात, "जिच्यापायी धर्म सोडला तीच जात न्हाई, तू कशाला मरतूस बे?" जावं वाटतं म्हणून जातो.

हातातल्या दोऱ्याचं तुम्ही तेव्हा बोलला होता. तो माझ्या आईनं बांधला होता. ती अंथरुणाला खिळलेली होती आणि तिच्यासमोर तो तोडायची माझी हिंमत झाली नाही. दोन वर्षांनी ती गेली, त्या दिवशी काढला. तुम्ही चर्चमध्ये म्हणायच्या ऐवजी मला घरी विचारलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं.

तब्येतीला जपा.

आपला
गहिनीनाथ


गेवराई
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

शलोमी,

गहिनीनाथचं पत्र आज मिळालं. उपकेंद्रात उभ्या उभ्या वाचलं आणि मग औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून रडले. बाहेर बायका लेकरांच्या लशीसाठी ताटकळत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी रुग्णांना थांबवलं.

तू हेही पत्र डब्यामागं ठेवशील. ठेव. पण मला ते लिहायलाच पाहिजे, परवाच्या रविवारच्या आत.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी विश्वासाला धरून उठले. ते खोटं आहे. तिसऱ्या रविवारच्या आधी गुरुवारी मी ड्युटीवरून लवकर आले होते. तुम्ही दोघं आत तुमच्या होणाऱ्या घराचा कागदावर नकाशा काढून कपाटाची मापं लिहीत होता. तू त्याला म्हणालीस, "ही खोली रिकामीच ठेवू. आक्का सुट्टीला आली की तिला लागंल." किती प्रेमानं म्हणालीस. मी चपला न काढता दारात उभी होते आणि मला एकदम कळलं की आता मी पाहुणी. सोळा वर्षं जिची वेणी घातली, जिचे फॉर्म भरले, तापात जिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, तिच्या घरी मी सुट्टीला येणार. त्याच्या मनगटावरचा दोरा मी त्याआधी पन्नास वेळा बघितला होता. मला तो कधी खुपला नव्हता. त्या दिवशी खुपला, कारण मला काहीतरी हवं होतं.

मी देवाच्या घरात उभं राहून देवाचं नाव पुढं केलं आणि स्वतःची भीती बोलले. ज्याचा विश्वास खोटा म्हटलं तो सात वर्षं एकटा गाडीनं जातोय. आणि मी माझ्या बहिणीच्या तोंडून प्रार्थना काढून घेतली. हे मी कसं भरून देणार, मला माहीत नाही.

अजून एक आहे, आणि ते सांगायला मला जास्त जड जातंय. मी तुझ्यासाठी लग्न करायची राहिले नाही. तू चौदा वर्षांची होतीस तेव्हा जालन्याचं स्थळ आलं होतं, आठवतं? ते लोक तुलाही बरोबर ठेवायला तयार होते. तसं त्यांनी पाळकसाहेबांसमोर सांगितलं होतं. मी नाही म्हणाले, कारण मला लग्न नको होतं. मुलगा वाईट नव्हता, माझं कोणावर मन नव्हतं, मी कोणाला घाबरत नव्हते. मला नर्सिंग, चर्च, आपलं घर एवढं पुरत होतं. भरपूर पुरत होतं. पण आपल्या मंडळीत असं म्हणणारी बाई कोणाला समजत नाही. बाईनं नवरा केला तर ठीक, नाही केला तर तिच्यामागं काहीतरी दुःख पाहिजे. दुःख नाही म्हटलं तर लोक शोधायला लागतात. कोणीतरी पहिल्यांदा म्हणालं, "बहिणीसाठी राहिली बिचारी," आणि मी ते खोडून काढलं नाही. मला मान मिळाला. मग मी स्वतःच सांगायला लागले. तुझ्यासमोर सुद्धा. तू अभ्यास करत नव्हतीस तेव्हा सांगितलं, उशिरा घरी आलीस तेव्हा सांगितलं, गहिनीनाथचं नाव काढलंस तेव्हा तर तीन वेळा सांगितलं.

देवानं मला एकटेपण दिलं होतं आणि मी सुखात होते. मी त्याला त्याग म्हणत गेले आणि त्याचा भार तुझ्या डोक्यावर दिला. एवढं कळल्यावर माफ कर असं लिहायलाही लाज वाटते. तरी लिहिते. माफ कर.

सत्यशीला


रविवार, १६ फेब्रुवारी

शलोमी,

काल सकाळी पहिल्या बसनं मी पालीला गेले. शांतवन पोरांना गणित शिकवून शाळेबाहेर आला. मास्तरांच्या खोलीसमोर, कडुनिंबाखाली, मी त्याला सगळं सांगितलं. तुझ्यावेळची हरकत, जालन्याचं स्थळ, कढईतून खाणं, सगळं. त्यानं विचारलं, "म्हणजे लग्न तुम्हाला हवंच नव्हतं?"

मी म्हटलं, "तुम्ही आवडलात. लग्न नको."

त्यानं हातावरचा खडू झाडला. म्हणाला, "वाईट वाटतंय, बाई. खोटं कशाला बोलू. पन रोज माझ्या ताटासमोर मन मारून बसला असता, ते मला दिसलं असतं." आणि मला बसस्टँडपर्यंत सोडायला आला. मी त्या माणसाचं भलं व्हावं म्हणून रोज प्रार्थना करणार आहे. त्याच्या जेवणाच्या वेळेला.

तिथून पाळकसाहेबांकडं. लग्न मोडल्याचं सांगितलं आणि म्हटलं, उद्या मंडळीपुढं उभं राहून मला सगळं कबूल करायचंय. ते म्हणाले, "तिसऱ्यांदा नाव वाचणार नाही, प्रश्न मिटला. साक्ष द्यायची काय गरज? तुझीच शोभा होईल." मी म्हटलं, होऊ द्या. शोभा तेव्हा त्या मुलाची झाली होती, आणि ती भर मंडळीत झाली होती.

आज साक्षीच्या वेळेला मी पुढं गेले. तुला लिहिलं तेच सांगितलं, खोलीचं आणि दोऱ्याचं आणि जालन्याचं. कमिटीच्या वहीत सात वर्षांपूर्वी माझी हरकत लिहिली आहे, तिच्याखाली 'ही हरकत खोटी होती' असं लिहून माझी सही घ्यावी, अशी विनंती केली. उपासनेनंतर ती घेतली. पाळकसाहेबांनी गहिनीनाथच्या नावानं मंडळीतर्फे एक पत्र लिहायचं कबूल केलं आहे. ते त्याला येईल. तो काय करायचं ते करील.

शेवटी म्हणाले, मी लग्न करत नाही, आणि मी बिचारी नाही. इथं दोन-तीन जणी हसल्या, एक कोणीतरी 'आमेन' म्हणालं आणि मग घाबरून गप्प झालं.

बाहेर सारजाबाई माझी वाट बघत उभी होती. रागानं लाल. "समदं कळलं मला. पन पुन्ना आजारी पडल्यावर पानी कोन देनार?"

"तुमी द्या," मी म्हटलं.

तिनं हात पुढं केला. "चावी द्या मंग एक, आन् आतनं कडी लावायची न्हाई. किती येळा उचकटायची?" मी तिथल्या तिथं जोडातली एक चावी काढून दिली. आजपर्यंत मला कोणी नवरा सोडून दुसरं काही देऊ केलं नव्हतं, आणि मीही कधी मागितलं नव्हतं.

तू उत्तर दे असं मी म्हणणार नाही. तू प्रार्थना कर असंही म्हणणार नाही, तो अधिकार मी घालवला. फक्त एवढं कळव की पत्र वाचलंस. नाही कळवलंस तरी मी पत्रं लिहीन.

आक्का


धर्मापुरी
सोमवार, २४ फेब्रुवारी

आक्का,

चारही पत्रं वाचली. आधी शेवटचं फोडलं. पाकीट जाड होतं, मला वाटलं लग्नाची पत्रिका असेल. मग खाली बसले आणि पहिल्यापासून सगळी वाचली. भाकरी तव्यावर करपली.

तुला एकटीनं राहायला आवडतं! एवढं वाक्य बोलायला तुला वीस वर्षं लागली. आधी मी हसले. ह्यांना वाटलं मला काहीतरी झालं. मग रडले. मग इतका राग आला की पत्र चुलीत घालायला निघाले होते, ह्यांनी हात धरला.

तुला माहीत आहे का मी कशी राहिले? मी तुझ्याकडं कधी नवी चप्पल मागितली नाही. सहलीला जायचं होतं ते बोलले नाही. माझं बाळंतपण झालं, मुलगी माझ्या कुशीत दिली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की ही आक्काला झाली असती, मी हिसकावून घेतली. सात वर्षं मी नवऱ्याच्या शेजारी चोरी केल्यासारखी झोपले. चर्चला गेले नाही ते तुझ्या हरकतीमुळं, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मला देवासमोर जायची लाज वाटायची. मला वाटायचं तुझं आयुष्य मी खाल्लं. आणि तू तिकडं पाय स्टुलावर टाकून ठेचा खात होतीस.

हरकतीबद्दल माफ करीन कधीतरी. ह्याबद्दल वेळ लागेल. किती ते मला विचारू नको.

काल ह्यांच्याबरोबर परळीला गेले. तुझ्यासाठी नाही गेले. देवासाठी पण नाही, आधीच सांगून ठेवते. तो माणूस इतकी वर्षं एकटा जातो आणि मी त्याला डबा सुद्धा बांधून दिला नाही, म्हणून गेले. बायकांच्या बाजूला बसले. एक म्हातारी सरकली आणि जागा दिली. डोळे मिटायची वेळ आली तेव्हा मी मिटले नाहीत. त्यांच्याकडं बघत बसले. ते कसे बसतात, ओठ कसे हलवतात, मला माहीतच नव्हतं.

मुलीला पाचवं वर्ष संपून सहावं लागलंय. तिचं नाव रूथ. तिला मावशी आहे हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, कारण विचारलं असतं मावशी येत का नाही, तर मला काय सांगायचं सुचलं नसतं.

तू ये आणि तूच सांग. आणि आक्का, तिला तरी खरं सांग.

शलोमी